चार दिवसांची बोट आणि दीड लाखाचा कॅमेरा

मंडळी, आमच्या घरात सध्या एक वाद पेटला आहे. तो फोनवरून मिटत नाही, म्हणून इथे मांडतो. ज्याच्याशी वाद आहे तो माझा भाचा हा ब्लॉग न चुकता वाचतो, तेव्हा त्याने हे जाहीर उत्तर समजावे. बाकीच्या नातेवाइकांनी आणि ब्लॉगमित्रांनी पंच व्हावे.

२०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून कॉर्डेलियाची क्रूझ सुरू झाली, तेव्हापासून "एकदा बोटीवर जायचं" हे टुमणे आमच्याकडे चालू होते. आता ठरले आहे. जळगावहून आम्ही दोघे, धुळ्याहून धाकटा भाऊ आणि त्याची मंडळी, पुण्याहून भाचा सहकुटुंब, आणि सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे आमची अक्का, वय वर्षे ब्याऐंशी. मुंबईहून निघून गोव्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. तापी-गिरणेच्या पाण्यावर वाढलेल्या आम्हा भावंडांना समुद्र म्हणजे चारशे किलोमीटरांवरची गोष्ट. अक्काने तर तो आयुष्यात दोनदा पाहिला, दोन्ही वेळा किनाऱ्यावरून.

वाद आहे कॅमेऱ्याचा. भाच्याचे म्हणणे असे की एवढा खर्च करून चाललोच आहोत तर कॅमेराही तसाच हवा. त्याने यादी केली आहे: लेन्स बदलता येणारा नवा कॅमेरा, लांबचे टिपणारी वेगळी लेन्स, तिपाई, पाठीवरची बॅग. सगळे मिळून दीड लाख, हप्त्याने. ड्रोनचाही विचार होता, पण बहुतेक क्रूझ कंपन्या ड्रोन बोटीवर उडवू देत नाहीत हे कळल्यावर तो बारगळला. आपल्याकडे म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अक्काचे आणि तिच्या सुनेचे तिकीट धरूनसुद्धा एवढे पैसे होत नाहीत!

"मामा, तुम्हाला यातलं कळत नाही," असे तो म्हणाला. त्याचा राग नाही. पण चाळीस वर्षे मुलांना 'विधान सिद्ध कर' असे सांगत आलेला माणूस मी, तेव्हा त्याची विधाने एकेक तपासून पाहतो.

पहिले विधान: मेगापिक्सेल जास्त तेवढा फोटो चांगला. हा साधा गुणाकार आहे. आल्बममध्ये लावतो तो चार बाय सहा इंचांचा फोटो. इंचाला ३०० ठिपके धरले, म्हणजे उत्तम छपाई धरली, तर १२०० गुणिले १८००. झाले एकवीस लाख साठ हजार ठिपके, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या किंचित वर. भिंतीवर लावायला ए-फोर कागदाएवढा मोठा केला तरी नऊ मेगापिक्सेलच्या आत भागते. भाच्याच्या घरच्या नव्या फोर-के टीव्हीच्या पडद्यावर साधारण त्र्याऐंशी लाख ठिपके असतात, त्याहून जास्त तो दाखवूच शकत नाही. मग पंचेचाळीस मेगापिक्सेल घेऊन जायचे कुठे? विहिरीत पोहरा केवढाही सोडा, घरातला हंडा भरेल तेवढेच पाणी घरी येणार.

दुसरे विधान: समुद्रावर भारी कॅमेराच टिकतो. मला उलट वाटते. बोटीची खोली वातानुकूलित असते, बाहेर दमट खारा वारा. थंड कॅमेरा एकदम डेकवर आणला की काचेवर बाष्प धरते, चष्म्यावर धरते तसेच. काच जेवढी मोठी तेवढा वेळ ती निवळायला लागतो, तोवर सूर्य बुडालेला असतो. डेकवर उभे राहून लेन्स बदलायची म्हणजे कॅमेऱ्याचे पोट खाऱ्या वाऱ्यापुढे उघडे टाकायचे. आणि तिपाई? तिपाई स्थिर राहते ती जमीन स्थिर असते म्हणून. बोट स्वतःच डुलत असताना तिपाईवरून रात्रीच्या ताऱ्यांचे दीर्घ फोटो काढायला निघणे म्हणजे झोपाळ्यावर बसून सुईत दोरा ओवणे.

तिसरे विधान मात्र मला मान्य करावे लागते. लांबचे दीपगृह, पाण्यातून उसळणारा डॉल्फिन, समुद्रावरचा चंद्र हे साध्या कॅमेऱ्यात मुगाच्या दाण्याएवढे येतात. मोठ्या लेन्सने ते भरघोस येतील यात शंका नाही. ज्याला पक्षी टिपायचे आहेत, ज्याचा तो अभ्यास आहे, त्याने जरूर मोठी लेन्स न्यावी, हप्ते काढून न्यावी. माझा प्रश्न एवढाच आहे की डॉल्फिनचे फोटो जगात कमी आहेत काय? ते घरबसल्या हवे तेवढे पाहायला मिळतात. बोटीच्या कठड्याला धरून पहिल्यांदा खोल समुद्र पाहणारी अक्का मात्र जगात दुसऱ्या कुणाच्याही कॅमेऱ्यात सापडणार नाही.

आता दुसऱ्या बाजूचाही समाचार घेतो, कारण आमच्या घरात तीही बाजू आहे. पुतणी म्हणते, "काका, कॅमेराच नको. डोळ्यांनी पाहा, मनात साठवा." हा उपदेश ऐकायला फार गोड आहे. पण तो करणाऱ्यांच्या फोनमध्ये दहा-दहा हजार फोटो असतात. पोट भरलेल्याने उपासाचे महत्त्व सांगावे तसे हे आहे. आमच्या आईचा फोटो एकच. एका लग्नातल्या समूहचित्रात मागच्या रांगेत उभी आहे, चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. ती गेल्यावर स्टुडिओवाल्याकडून तो मोठा करून घेतला. त्याने साडीला रंग दिला, कपाळाला कुंकू दिले, पण चेहरा काही देता आला नाही. माझ्या नातवंडांना पणजी म्हणून जी ठाऊक आहे ती निम्मी त्या स्टुडिओवाल्याची कल्पना आहे. तेव्हा मनात साठवण्याच्या गोष्टी मला सांगू नका. मन माझ्याबरोबर जाईल. कागद मागे राहील.

म्हणजे कॅमेरा हवाच. पण कोणता?

आपल्या खानदेशाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस १९१२ साली जन्मले. मुंबईत आणि विलायतेत शिक्षण झाले, आणि मग स्टेशनजवळच्या आपल्या घरात त्यांनी स्वतःला असे कोंडून घेतले की जवळजवळ पन्नास वर्षे, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, ते त्या घराबाहेर पडले नाहीत. १९८९ च्या ३१ डिसेंबरला त्यांचे निधन झाले ते तिथेच. या माणसाने टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडून, खरेखुरे निसर्गदृश्य वाटावे असे फोटो काढले आणि देशोदेशीची बक्षिसे मिळवली. घराचा उंबरा न ओलांडता! आम्ही बोटीत बसून समुद्र ओलांडणार आणि तरी म्हणणार की कॅमेरा साधा आहे म्हणून फोटो येत नाहीत. नाचता येईना, अंगण वाकडे. भाच्याने आधी चाळीसगावला उतरून मूसांच्या घरी तासभर घालवावा आणि मग दुकानात जावे, असे माझे त्याला सांगणे आहे.

दुसरा दाखला अजिंठ्याचा. ज्याच्या गोष्टीवर २०१२ साली नितीन देसाईंनी 'अजिंठा' चित्रपट काढला तो रॉबर्ट गिल. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला नेमले. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. वर्षानुवर्षे खपून केलेली त्याची मोठमोठी रंगचित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती, आणि १८६६ च्या डिसेंबरातल्या आगीत ती जळाली. थोडी दुसरीकडे होती तेवढी वाचली. पण त्याने काढलेले दुहेरी फोटो, जे भिंगातून पाहिले की खोली दिसते, १८६४ सालीच शंभराच्या संख्येने पुस्तकात येऊन अनेक प्रतींत पसरले होते. ते आजही पाहायला मिळतात. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. एका जागी ठेवलेले भारी काम जळाले आणि दहा हातांत गेलेले लहान काम उरले, हा धडा मला कॅमेऱ्याच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मोठा वाटतो. दीड लाखाच्या कॅमेऱ्यातले चार हजार फोटो एकाच डिस्कवर पडून राहणार असतील तर ते क्रिस्टल पॅलेसमध्येच आहेत असे समजावे.

तिसरा दाखला धुळ्याचा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत. १९२६ साली धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आजही आहे. जुन्या पत्रात संशोधक आधी काय बघतो? कोणी, कोणाला, केव्हा, कुठून. अक्षर सुंदर आहे की नाही हे नंतर. आपल्या फोटोंचे तसेच आहे. ज्याच्या मागे नाव नाही, तारीख नाही, तो फोटो तीस वर्षांनी 'कोणीतरी बाई, कुठलातरी समुद्र' एवढाच उरतो. सहाशे रुपयांच्या आल्बममध्ये आणि पेन्सिलच्या टोकात जे काम आहे, ते पंचेचाळीस मेगापिक्सेलात नाही.

हे सगळे ध्यानात घेऊन मी एक कसोटी सुचवतो. बरोबरच्या मंडळींत जे सगळ्यांत वयस्कर माणूस आहे, त्याला जो कॅमेरा वापरता येईल, तो न्यावा.

कारण सांगतो. मोठा कॅमेरा ज्याच्या हाती असतो तो सहलीत नसतो. तो चार पावले मागे असतो, नाहीतर चार पावले पुढे. "थांबा, इकडे बघा, अजून एक" एवढीच त्याची वाक्ये. घरी आल्यावर आल्बममध्ये सगळे असतात, फक्त तो नसतो. आणि तो कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची त्याची छाती होत नाही, कारण दीड लाख! म्हणजे अक्काचे तिच्या मुलाबरोबरचे चार दिवस त्या हप्त्यांत गेले.

माझे मत धुळ्याच्या कपाटात आहे. धाकट्या भावाने २००९ साली घेतलेला खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा: दहा मेगापिक्सेल, पाचपट झूम, पेन्सिल सेलवर चालणारा, मनगटाला दोरी. जगात २०१० साली असे-तसे मिळून सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे विक्रीला गेले होते, आणि २०२३ साली हा आकडा ऐंशी लाखांच्याही खाली आला. म्हणजे बाजाराने त्याला निवृत्त केले आहे. आम्हालाही केले आहे, पण आम्ही चालतो, तोही चालतो.

"मग फोन काय वाईट?" असे विचाराल. फोनचा कॅमेरा उत्तमच आहे, कित्येक बाबतींत या जुन्यापेक्षा सरस. पण अक्काची बोटे कोरडी पडली आहेत, काचेवरचा स्पर्श फोनला कळत नाही. ती तीनदा दाबते, चौथ्यांदा फोटोऐवजी कुणाला तरी कॉल लागतो. या कॅमेऱ्याला खरेखुरे बटन आहे. दाबले की 'खट्' होते आणि तिला समजते की झाले. फोन येतीलच बरोबर, ते फोन म्हणून येऊ देत.

नियमही सांगून ठेवतो. दिवसाला छत्तीस फोटो, जुन्या रोलइतके. कॅमेरा रोज दुसऱ्याच्या हाती, आणि एक दिवस अक्काच्या. तिने काढलेले वाकडे, डोके कापलेले, निम्मे आकाश असलेले फोटो पुसायचे नाहीत. ब्याऐंशीव्या वर्षी तिला काय पाहावेसे वाटले याचा दुसरा पुरावा आपल्याला मिळणार नाही. आल्यावर निवडक पन्नास छापायचे, तीन प्रती, जळगाव, धुळे, पुणे. मागे नावे आणि तारखा अक्काच्या समोर बसून लिहायच्या, कारण कोणाची कोण आणि कोणत्या साली हे आता तिलाच ठाऊक आहे.

भाच्या, दीड लाख तुझे आहेत, तू कमावलेले आहेस. हौस वाईट नसते. परत आल्यावर घे तो कॅमेरा, पाटणादेवीच्या जंगलात जा, पक्षी टिप, मी स्वतः बॅग उचलायला येईन. पण हे चार दिवस तू आईच्या शेजारी बस. फोटोत ये. तिला तुझा समुद्र बघायचा नाही, समुद्रावर तू बघायचा आहेस.

असो. निकाल काय लागतो ते कळवीनच. तुमची मते जरूर लिहा, विरोधी असली तरी चालतील. फक्त मेगापिक्सेलचा गुणाकार करून मग लिहा!