स्वस्त रायफल महागात पडेल

शिवरे शिवारात एकाने विचारले, "साहेब, ससा-डुकरासाठी पॉइंट २२ची रायफल घेऊ का? काडतूस स्वस्त पडतं."

काडतूस स्वस्त, खरे. पण गोळी मैलभर जाते आणि उसात तोडकऱ्याचं पोर दिसत नाही. डुक्कर नुसतं जखमी होतं, मग अंगावर येतं. १९७२च्या वन्यजीव कायद्यात लहान शिकारीचा परवाना होता. १९९१च्या दुरुस्तीने तो गेला. शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी सोय आहे ती ठासणीच्या बंदुकीची, रायफलीची नव्हे.

माझे मत स्पष्ट आहे. नुकसान दिसताच वनखात्याकडे अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. भरपाई अपुरी पडते, मान्य. पण माणूस गेला तर कसली भरपाई?