फोटोतून निळी पाटी कापून इमारत विकायची का?

गेल्या महिन्यात उत्तर नागपुरातील बऱ्याच जणांच्या मोबाईलवर एक जाहिरात फिरत होती. कामठी रोडलगत, मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटे, तळमजला अधिक दोन मजले, खाली चार दुकाने, वर सहा ऑफिसे, विक्री किंवा लीज, फक्त गरजूंनीच फोन करावा. सोबत तीन फोटो. आम्ही ते फोटो दोनदा पाहिले तरी इमारत ओळखली नाही. तिसऱ्यांदा जिन्याचा कठडा ओळखीचा वाटला आणि मग लक्षात आले की ही आपलीच इमारत आहे. याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत आमच्यापैकी अनेकांनी परीक्षांचा अभ्यास केला. एम्प्रेस मिल, रेल्वे आणि पोस्टातल्या आमच्या बापांनी पगारातून वर्गणी कापून देऊन ती उभी केली.

ओळखता आली नाही, कारण दर्शनी भागावरची निळी पाटी फोटोतून कापली होती. आवारातला बाबासाहेबांचा पुतळा दिसू नये म्हणून फोटो तिरका काढला होता. पत्त्यात वस्तीचे नाव नव्हते, नुसता 'कामठी रोड' होता. ट्रस्टचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. एका ट्रस्टचा पंचनामा करण्यासाठी हा लेख नाही. गावोगावी, शहरोशहरी अशा इमारती आहेत आणि त्यांचे विश्वस्त आज याच वळणावर उभे आहेत.

आम्ही विश्वस्तांना विचारले, तेव्हा उत्तर सरळ होते. दलालाने सांगितले की पाटी दिसली की गिऱ्हाईक बिचकते, वस्तीचे नाव वाचले की फोनच येत नाही. आणि हे सांगताना कोणालाही लाज वाटली नाही. दलालाला वाटायचे कारण नाही, तो धंदा करतो. पण ज्यांनी आयुष्यभर १४ एप्रिलला भाषणे केली, त्यांनाही वाटली नाही, याचे आम्हाला जास्त दुःख झाले.

दलाल खोटे बोलत नव्हता, हे आधी मान्य करू. पत्त्यात जात असते. त्याच रस्त्यावर, त्याच रुंदीला, तोच मेट्रोचा खांब समोर असताना एका गाळ्याला एक भाव आणि चार गल्ल्या अलीकडच्या गाळ्याला दुसरा भाव, हे नागपुरात कोणालाही ठाऊक आहे. रेडी रेकनरच्या तक्त्यात जातीचा रकाना नसतो, पण गिऱ्हाईकाच्या डोक्यात असतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याने घर शोधणाऱ्यांना काय अनुभव येतो, याचा अभ्यास केला आणि तो २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. नाव दलित किंवा मुस्लिम असल्याचे कळले की नकार वाढतो, हेच त्यातून पुढे आले. तो अभ्यास घरांचा होता. दुकान-ऑफिसच्या बाबतीत 'शुद्ध शाकाहारी व्यवसायालाच' ही अट पुरेशी असते, जात विचारावी लागत नाही.

बाबासाहेबांना हे सगळे पुस्तकातून कळले नव्हते. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला गेलेल्या, कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहात पारशी नावाने राहावे लागले, आणि जात कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. पुढे मुंबईत त्यांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचे काम सुरू केले, तर सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले, असे चरित्रकार सांगतात. नाव लपवले तर जागा मिळते आणि नाव कळले की जाते, हा अनुभव त्यांनी घेतला होता. त्याच माणसाने पुढे सिद्धार्थ कॉलेज कुठे नेले? मुंबईच्या फोर्टात, दादाभाई नौरोजी रस्त्यावर, बँका आणि पेढ्यांच्या ऐन गर्दीत. आणि त्या इमारतींना नावे काय मिळाली? बुद्ध भवन आणि आनंद भवन. नाव झाकून बाजारपेठेत शिरण्याची ही रीत नव्हे. तेव्हा आमच्या विश्वस्तांनी पाटी कापली ती कोणाकडून शिकून, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

आता हिशोबाकडे येऊ, कारण 'भावनेने इमारत चालत नाही' असे आम्हाला ऐकवले गेले. बरोबर आहे. गच्ची गळते, मालमत्ता कर थकला आहे, सहापैकी तीन ऑफिसे बंद आहेत, आणि खालच्या एका गाळ्यात जुना भाडेकरू इतके नाममात्र भाडे देतो की त्यात पावतीपुस्तकाचा खर्च निघत नाही. तो भाडेकरू आपल्याच समाजाचा आहे, आणि त्याने गाळा दुसऱ्याला पोटभाड्याने देऊन महिन्याला चांगली रक्कम खिशात घातली आहे. हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही. समाजाच्या मालमत्तेची जी वाट लागली, ती सगळी मनुवाद्यांनी लावलेली नाही.

विश्वस्तांचे म्हणणे असे की सव्वा दोन कोटी येत आहेत, बँकेत ठेवू, व्याजावर वसतिगृह चालवू. सात टक्के धरले तर वर्षाला पावणेसोळा लाख. आणि भाडे? आम्ही आजूबाजूला चौकशी करून आकडे धरले. चार गाळे प्रत्येकी चौदा हजार, सहा ऑफिसे प्रत्येकी नऊ हजार. महिन्याला एक लाख दहा हजार, वर्षाला १३ लाख २० हजार. म्हणजे पहिल्या वर्षी विक्रीच फायद्याची दिसते. आम्ही हे लपवत नाही. पण भाडे दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढवले तर पाचव्या वर्षी ते १६ लाखांच्या वर जाते, आणि सव्वा दोन कोटींची ठेव तेव्हाही सव्वा दोन कोटीच असते. कर आणि दुरुस्ती वजा केली तर आणखी काही वर्षे लागतील. लागू द्या. त्यानंतरही जमीन आपलीच राहते. आणि ही जमीन आता मेट्रोच्या रस्त्यावर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सीताबर्डी ते ऑटोमोटिव्ह चौक मेट्रो सुरू झाली, तेव्हा या पट्ट्यातल्या दलालांनी जुन्या इमारतींचे मालक शोधायला सुरुवात केली. आपल्याला किंमत कळायच्या आधी त्यांना कळली.

खरे म्हणजे ही इमारत भाड्याने जात नाही, असे म्हणायला आधी ती भाड्याने देण्याचा प्रयत्न तरी झालेला असावा लागतो. बंद ऑफिसांच्या दारावर 'भाड्याने देणे आहे' अशी साधी पाटी नाही. आम्ही दलालाच्या जाहिरातीत शोधले, कार्पेट क्षेत्रफळ कुठे आहे? नव्हते. 'साडेचार हजार फूट' एवढेच होते, ते बिल्टअप की सुपर बिल्टअप हे सांगितलेले नव्हते. १८० फुटांचा गाळा घेणाऱ्याला जिना आणि भिंतींचे फूट विकून काय उपयोग? मंजूर नकाशा आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, प्लॉट फ्रीहोल्ड आहे की सुधार प्रन्यासच्या लीजचा, वीज थ्री फेज आहे का, प्रत्येक गाळ्याला वेगळे मीटर आहे का, दुचाक्या कुठे लावायच्या, लिफ्ट नाही हे आधीच का सांगत नाही? दंतवैद्याला पाण्याची जोडणी लागते, झेरॉक्सवाल्याला वर्दळ लागते, टॅली शिकवणाऱ्याला दुसरा मजला चालतो पण रात्री नऊपर्यंत जिन्यात दिवा लागतो. गिऱ्हाईक हे विचारते. पुतळा बघून पळणारे गिऱ्हाईक असेलही, पण भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून पळणारे त्याहून जास्त आहे, आणि त्याचे खापर आपण बाबासाहेबांच्या पाटीवर फोडतो आहोत!

आणि गिऱ्हाईक कोण, हाही प्रश्न आहे. आमच्या वस्तीत सीए झालेली मुले आहेत, वकील आहेत, फिजिओथेरपिस्ट मुली आहेत, केटरिंगवाले, फ्लेक्स छापणारे, मोबाईल दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्यातले कितीतरी घरच्या पुढच्या खोलीतून धंदा करतात. जीएसटी नोंदणीला व्यवसायाच्या जागेचा पुरावा लागतो, म्हणजे भाडेकरार आणि मालकाच्या नावाचे वीजबिल किंवा कराची पावती. बँकेत कर्जाला गेले की पहिला प्रश्न, दुकान कुठे आहे? २०१६ मध्ये 'स्टँड-अप इंडिया' योजना आली. अनुसूचित जाती-जमाती आणि महिला उद्योजकांना १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्ज, असा तिचा गाजावाजा झाला. पण कर्जाच्या अर्जात जो पत्ता लिहायचा, तो देणारा मालक कुठे आहे? सीताबर्डीत आडनाव ऐकून 'कळवतो' म्हणणारा मालक तो पत्ता देणार नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने बहिष्काराची व्याख्या करताना घर किंवा जमीन भाड्याने देण्यास नकार देणेही त्यात धरले आहे, पण 'कळवतो' या शब्दावर गुन्हा दाखल होत नसतो. तो पत्ता देऊ शकणारी इमारत आपल्याकडे आहे, आणि आपण ती विकायला काढली आहे.

म्हणून सगळे गाळे समाजालाच द्या, असे आम्ही म्हणत नाही. ते म्हटले की पुन्हा पावतीपुस्तकापुरते भाडे आणि पोटभाडेकरू. धंदा धंद्यासारखा चालला पाहिजे. भाडे बाजारभावाने घ्या, डिपॉझिट घ्या, करार नोंदवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. म्हणजे 'भाऊ आपलाच आहे, कागद कशाला' ही आपली जुनी सवय बेकायदाही आहे. लीव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्का लागते, त्यासाठी कोणी रडू नये. समाजातल्या किंवा समाजाबाहेरच्या, जो भाडे देईल आणि पाटीला नाक मुरडणार नाही, त्याला गाळा द्या. आमची सवलतीची मागणी एवढीच की दोन ऑफिसे पहिल्यांदा धंद्यात उतरणाऱ्यांसाठी ठेवा. पहिल्या वर्षी अर्धे भाडे, दुसऱ्या वर्षी पाऊण, तिसऱ्या वर्षी पूर्ण, आणि मग जागा रिकामी करून पुढच्याला. त्यात ट्रस्टचे तीन वर्षांत किती रुपये जातात? नऊ हजारांच्या हिशोबाने दोन ऑफिसांचे मिळून १ लाख ६२ हजार. एवढी रक्कम आपण जयंतीच्या डीजेवर घालवतो, कोणी हिशोब मागत नाही.

आता कायद्याची एक गोष्ट, जी विश्वस्तांच्या बैठकीत कोणी काढली नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चे कलम ३६ सांगते की ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, आणि इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने लीजवर देता येत नाही. मग परवानगीआधीच जाहिरात कशी फिरते? चौकशीसाठी फिरते, असे उत्तर मिळाले. आम्हाला चौकशी कशी होते ते माहीत आहे. आधी तोंडी भाव ठरतो, टोकन येते, मग निविदेची नोटीस अशा पेपरात, अशा पानावर छापली जाते की ती फक्त ज्याला ठाऊक आहे तोच वाचतो, आणि आयुक्तांपुढे सांगतात की एकच बोली आली. हे सगळेच विश्वस्त करतात असे नाही. पण कापलेल्या फोटोची जाहिरात पाहिल्यावर संशय घ्यायचा नाही, तर कधी घ्यायचा? बँकेसारखा मोठा भाडेकरू तीन वर्षांवर तयार होणार नाही, जास्त मुदत मागेल. मग त्या मुदतीसाठी आयुक्तांकडे जा. विक्रीच्या परवानगीला जे कागद लागतात, तेच गोळा करायचे आहेत.

दादरचे आंबेडकर भवन आठवा. २५ जून २०१६ च्या पहाटे ते पाडले गेले. बाबासाहेबांच्या छापखान्याची वास्तू ढिगाऱ्यात गेली, आणि समाज जागा झाला तेव्हा जेसीबी आपले काम करून गेले होते. तिथेही जागा ट्रस्टचीच होती, विकासाचीच भाषा होती. मोर्चा प्रचंड निघाला. पण मोर्चा पाडल्यानंतर निघाला. आमच्या नागपुरातल्या या तीन मजल्यांसाठी कोणी मोर्चा काढणार नाही, ती ऐतिहासिक वास्तू नाही. गळक्या गच्चीची एक साधी इमारत आहे. म्हणूनच तिची विक्री गुपचूप होऊ शकते.

आम्ही काय केले ते सांगतो. आमच्यातल्या दोघांनी टेप घेऊन दहाही जागा मोजल्या. खालचे गाळे १७६ ते १८४ फूट कार्पेट भरले, वरची ऑफिसे २१० च्या आसपास. वीजबिले, कराच्या पावत्या आणि मंजूर नकाशाची प्रत एका फाईलमध्ये लावली. भोगवटा प्रमाणपत्र सापडले नाही, त्यासाठी महापालिकेत अर्ज दिला. नवे फोटो काढले, सकाळच्या उजेडात, समोरून, पुतळा आणि निळी पाटी पूर्ण दिसेल असे. जाहिरात मराठीत आणि हिंदीत लिहिली, क्षेत्रफळ, भाडे, डिपॉझिट, लिफ्ट नाही, वस्तीचे नाव, सगळे लिहिले. अभ्यासिकेतल्या मुलांनी ती आपापल्या ग्रुपवर टाकली. नऊ दिवसांत एकवीस फोन आले. त्यातले पाच जागा पाहून गेले, तीन आपल्यातले, दोन बाहेरचे. बाहेरच्यांपैकी एक औषधाचे दुकान टाकू इच्छिणारे गृहस्थ. त्यांनी पाटीबद्दल एकच गोष्ट विचारली, ती रात्री उजळते का, म्हणजे त्यांच्या दुकानावरही उजेड पडेल.

विश्वस्तांची बैठक येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता इमारतीतच, दुसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही फाईल घेऊन जाणार आहोत. ज्यांच्या घरी वर्गणीच्या जुन्या पावत्या असतील, त्यांनी त्या शोधून सोबत आणाव्यात.