इतिहासाचे दप्तर एका मालकाच्या हाती देऊ नका

१/ “इंटरनेटवर एकदा गेले की कायमचे राहते,” असे इतिहासाचे अभ्यासकही बिनदिक्कत म्हणतात. हा भ्रम आहे, आणि तो आपल्या पिढीचे दप्तर बुडवील.

२/ १९८० साली अमेरिकेत सुरू झालेल्या यूजनेटवर प्रत्येक संदेशाची प्रत सहभागी सर्व्हरांवर फिरत असे. परदेशस्थ मराठी मंडळी तेथे ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या गटात वाद घालीत. एकटा मालक कोणीच नव्हता.

३/ मात्र जागेअभावी सर्व्हर जुने संदेश पुसत. १९८१ ते १९९१ या काळातील संदेश आज उपलब्ध आहेत, ते मुख्यतः टोरांटो विद्यापीठात हेन्री स्पेन्सर यांनी चुंबकीय फितींवर प्रती जपल्या म्हणून.

४/ आता उलट उदाहरण. याहू ग्रुप्सचा मालक एकच. डिसेंबर २०१९मध्ये कंपनीने गटांवरील मजकूर काढण्यास प्रारंभ केला. डिसेंबर २०२०मध्ये सेवाच बंद झाली. स्वयंसेवकांनी वाचवले तेवढे वाचले.

५/ २००२ साली सुरू झालेल्या ‘जीमेन’ने मेलिंग लिस्टा यूजनेटच्याच पद्धतीने वाचण्याची सोय केली. २०१६मध्ये तिचे संकेतस्थळ बंद पडले, तरी संदेशांचा सर्व्हर चालू राहिला. खुल्या पद्धतीचे बळ ते हेच.

६/ “पण हे तंत्रज्ञांचे काम, इतिहासकारांचे नव्हे!” असे म्हणणाऱ्यांनी राजवाडे आठवावेत. १८९८पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली, ती घरोघरची दप्तरे धुंडाळून. सारे कागद एकाच वाड्यात असते, तर एका आगीत इतिहास संपला असता.

७/ मोखाडा तालुक्यातील खोडाळ्यासारख्या गावाचा विचार करा. जव्हारच्या राजांचे नाव ग्रंथांत येते, गावकऱ्यांचे क्वचितच. वारली समाजात लग्नविधीची गाणी धवलेरींच्या कंठी राहिली, कारण ती एकाच कंठात कोंडलेली नव्हती. आज मात्र रस्ता, पाणी, स्थलांतर यांविषयीचे गावाचे बोलणे परक्या कंपनीच्या गटांत साठते. ते पुसले गेले, तर उद्याचा संशोधक पुन्हा केवळ सरकारी कागदांवरच विसंबेल.

८/ म्हणून सदस्यांची संमती घ्या, खासगी मजकूर वगळा, उरलेला साध्या मजकुराच्या फायलींत उतरवा, आणि प्रती शाळेत, ग्रंथालयात व सामायिक सर्व्हरवर ठेवा. ज्याची एकच प्रत आहे, त्याला दप्तर म्हणू नका; ती केवळ मालकाची मेहेरबानी होय.