अपडेटचं बटण गर्दीत दाबू नका, पण दाबायचं टाळूही नका



मध्यंतरी कळंब तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांचा फोन आला. "सर, बिलिंगचं सॉफ्टवेअर अपडेट मागतंय. दाबू का?" मी विचारलं, "याआधी कधी केलं होतं?" म्हणाले, "तीन वर्षं झाली. ऐन पेरणीच्या तोंडावर दाबलं आणि दोन दिवस बिलच निघेना. दुकानात माणसं उभी, आणि मी वहीवर लिहीत बसलो. तेव्हापासून हातच लावला नाही."

त्यांची भीती खोटी नाही. पण त्या दिवसातून त्यांनी जो धडा घेतला, तो माझ्या मते चुकला. अपडेट करणं ही चूक नव्हती, पेरणीच्या तोंडावर करणं ही चूक होती.

आता यात पणाला काय लागलंय ते बघा. आपल्या धाराशिव जिल्ह्यात खत-बियाण्याचा धंदा उधारीवर चालतो. जूनमध्ये दिलेला माल, आणि पैसे येणार सोयाबीन विकल्यावर. मधले चार-पाच महिने तुमची सगळी कमाई त्या कॉम्प्युटरमधल्या डेटाबेसमध्ये अडकलेली असते. डेटाबेस म्हणजे दुसरं काही नाही, तुमची खतावणी. ती गेली तर कोणाकडे किती येणं आहे, हे कशावरून सांगणार?

बारा दिवसांत दोन धडे

जुलै 2024 आठवा. 19 तारखेला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट पाठवलं आणि जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. विमानं रखडली, दवाखाने अडले. तुम्ही म्हणाल, बघा, अपडेट करणारेच बुडाले!

थांबा. त्याच महिन्याच्या 31 तारखेला सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचं समोर आलं. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. खबरदारी म्हणून एनपीसीआयने तिला बाजूला काढलं आणि देशातल्या सुमारे 300 छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम अडलं. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार हल्ल्याची वाट एका भागीदार कंपनीच्या जेनकिन्स सर्व्हरमधून गेली होती. अहवालात ज्या त्रुटीचा उल्लेख आहे, तिचा पॅच जानेवारी 2024 मध्येच आलेला होता.

म्हणजे एकीकडे सगळ्यांकडे एकदम गेलेलं अपडेट नडलं. दुसरीकडे, तो अहवाल बरोबर असेल तर, आलेला पॅच न लावणं नडलं. मग करायचं काय? दोन्हींच्या मधला रस्ता. आणि तो रस्ता मोठ्या कंपन्यांनी आधीच शोधलेला आहे.

मोठे लोक कसं करतात?

बँका, मोठे कारखाने ओरॅकलसारखे डेटाबेस वापरतात. ओरॅकल वर्षातून चारदा, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये ठरलेले पॅच काढते. त्यामुळे वापरणाऱ्यालाही वेळापत्रक आखता येतं. दुसरं म्हणजे, चालू मशिनवरच डागडुजी करण्यापेक्षा शेजारी नवीन जागा तयार करा, तिथे पॅच लावा, तपासा आणि मग कारभार तिकडे हलवा, असा ओरॅकलचा सल्ला असतो. बिघडलं तर जुनी जागा तशीच असते, परत यायचं.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर दोन वाटा आहेत. एकीवर मुख्यतः सुरक्षेचे पॅच मिळतात, दुसरीवर त्यांच्यासोबत इतर सगळ्या दुरुस्त्याही. आपल्याकडची बरीच बिलिंग सॉफ्टवेअर याच डेटाबेसच्या फुकट मिळणाऱ्या आवृत्तीवर चालतात, हे लक्षात असू द्या.

यातून छोट्या दुकानदाराने काय उचलायचं? माझं मत सरळ आहे. सुरक्षेचा पॅच म्हणजे गोठ्याच्या दाराची कडी. ती मोडली तर मुहूर्त बघत बसायचं नाही, बॅकअप घेऊन त्याच आठवड्यात बसवायची. नवीन वर्शन, म्हणजे नवा चेहरा आणि नव्या सोयी, हे घराला रंग देण्यासारखं. ते सवडीने. आणि मोठं अपग्रेड करणारच असाल, तर नव्या वर्शनचे आतापर्यंतचे पॅच आधी लावून मगच डेटा तिकडे न्या. नाहीतर आज अपग्रेड, महिन्याभराने पॅच, आणि दोन्ही वेळा तपासणीची तीच कटकट.

शंभर दाण्यांची परीक्षा

तुमच्यातले बरेच जण शेतकऱ्याच्या घरचे आहात. घरचं सोयाबीन पेरण्याआधी आपण काय करतो? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि आठवड्याने मोजतो. सत्तर उगवले तर बियाणं पेरणीलायक. कोणी सगळी पोती थेट रानात ओतत नाही.

अपडेटचंही तसंच करा.

1. आधी बॅकअप घ्या. एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून ठेवायचा नाही, घरी न्यायचा.

2. तो बॅकअप दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी.

3. त्या दुसऱ्या मशिनवर अपडेट करा. पाच बिलं काढा, एक माल-परत करा, एका उधारीवाल्याचा खातेउतारा काढा, जीएसटीचा रिपोर्ट जुळवा, प्रिंटर चालतो का ते बघा.

4. सगळं जुळलं तर दुकान बंद झाल्यावर मुख्य मशिनवर करा. त्या रात्री पुन्हा ताजा बॅकअप, आणि जुन्या वर्शनचं इन्स्टॉलर हाताशी.

दुसरं मशिन नाही? घरातला पोरांचा लॅपटॉप चालतो. एका संध्याकाळचं काम आहे. लायसन्स दुसरीकडे चालेल का, एवढं सॉफ्टवेअरवाल्याला आधी विचारून घ्या.

वेळ कोणती?

गेल्या वर्षीची बिलं काढा आणि सगळ्यात कमी गर्दीचे दोन-तीन आठवडे शोधा. कृषी केंद्रवाल्याने पेरणीचे दिवस सोडायचे. तुळजापुरात पेढा, हळदीकुंकू, लॉज असा धंदा असेल तर नवरात्र ते कोजागिरी हात लावायचा नाही.

पण प्रत्येक वेळी तारीख आपल्या हातात नसते. 2025 मध्ये जीएसटीचे नवे दर लागू झाले 22 सप्टेंबरला, म्हणजे बरोबर घटस्थापनेला! तूप 12 टक्क्यांवरून 5 वर आलं, साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या खोल्याही 12 वरून 5 वर. निर्णय जाहीर झाला होता 3 सप्टेंबरला. हातात तीन आठवडेही नव्हते. ज्याचं सॉफ्टवेअर ताजं होतं, त्याला छोटी पायरी चढायची होती. जो तीन वर्षं मागे होता, त्याला तीन वर्षांची उडी ऐन गर्दीत मारायची होती. म्हणून म्हणतो, अपडेट न करणं हेसुद्धा कर्जच आहे, त्याचं व्याज गर्दीच्या दिवशी भरावं लागतं.

"सर, आमचं दुकान ते केवढं, आमच्याकडे हॅकर कशाला येईल?" असं नेहमी विचारलं जातं. अहो, तो तुमची पाटी वाचून येत नाही. त्याचे प्रोग्राम इंटरनेटवर उघडी दारं शोधत फिरतात. दार उघडं दिसलं की आत. विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, हेही तपासून घ्या.

आणि एक कडू बोलतो, राग मानू नका. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर वरचं काहीच तुमच्या कामाचं नाही. त्याला पॅच मिळत नाही आणि अडलात तर फोन उचलायला कोणी नसतं. पाच-सात लाखांची उधारी चोरीच्या वहीत लिहिण्यात कसली बचत?

कळंबच्या त्या मालकांना मी एवढंच सांगितलं, आज दाबू नका. आज फक्त बॅकअप घ्या आणि उघडून बघा. त्यांनी बघितला. उघडलाच नाही. बरं झालं, हे त्या दिवशी कळलं, पेरणीच्या दिवशी नाही. आता आधी बॅकअप नीट करतायत, मग चाचणी, मग अपडेट.

तुम्हीही आज दुकान बंद करताना दहा मिनिटं काढा. तुमचा बॅकअप उघडतो का? बघा आणि कळवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.