पाण्याची वाट आणि आपली वस्ती

तथागताच्या धम्मात प्रवेश केल्यानंतर नदी, नाला आणि बगीचा यांचा विचार आपण कशासाठी करावा, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात येईल. परंतु ज्या समाजाने मानवी हक्काचा आपला महान संग्राम २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याकाठी केला, त्या समाजाला पाण्याचा प्रश्न परका वाटता कामा नये. त्या दिवशी प्रश्न पाण्याला हात लावण्याचा होता. आज शहरात तो निराळ्या रूपाने उभा आहे. पावसाचे पाणी कोणत्या वाटेने जाईल, ते कोणाच्या घरात शिरेल, आणि ती वाट मोकळी करण्यासाठी कोणाचे घर उठविले जाईल, हा तो प्रश्न होय.

मुंबईचेच उदाहरण घ्या. बोरिवलीच्या डोंगरात सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे राखीव अरण्य आहे. त्या डोंगराच्या कुशीत विहार तलाव आहे व त्याच्या खाली पवई. या दोन तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी नदी निघते आणि सुमारे अठरा किलोमीटर वाहून, कुर्ला व धारावी यांच्या कडेने, माहीमच्या खाडीस मिळते. वरचे अरण्य, मधली नदी आणि खाडीतील तिवरांचे वन ही तीन निरनिराळी स्थळे नव्हेत. ती एकाच देहाची अंगे आहेत. अरण्य पावसाचा मारा सोसते व पाणी जमिनीत मुरविते. नदीकाठची मोकळी जमीन पुराला पसरण्यास जागा देते. तिवरे भरतीच्या लाटांचा जोर मोडतात. यांतील एक अंग तोडले की दुसऱ्यावरचा भार वाढतो.

मुंबईने मधले अंगच आवळून टाकले. विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला काटकोनात वळविले. खाडीकाठच्या दलदलीत भराव घालून कचेऱ्यांचे संकुल उभारले. कारखान्यांची घाण आणि शहराचे सांडपाणी नदीत सोडले. आणि ज्यांना शहराने कामाला बोलाविले पण राहण्यास जागा दिली नाही, त्या कष्टकऱ्यांनी उरलेल्या काठावर झोपड्या बांधल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. समुद्राला भरती होती. नदीला पसरण्यास जागा नव्हती. शेकडो माणसे प्राणास मुकली. त्यानंतर दोष द्यावयाची वेळ आली, तेव्हा बोट सर्वांत आधी झोपडीकडे वळले. धावपट्टी उचलून न्या, असे कोणी म्हटले नाही.

यावर उपाय काय? केवळ भिंती बांधून भागत नाही. भिंतीने पाणी थोपत नाही. ते अधिक वेगाने पुढच्या वस्तीवर जाते. धारावीलगत मिठीच्या काठी, जेथे पूर्वी शहराचा कचरा टाकीत, तेथे १९९४ साली निसर्ग उद्यान झाले व आज तेथे दाट झाडी आहे. मेलेली जमीन जिवंत होऊ शकते, हे त्यावरून सिद्ध होते. परंतु एकटे उद्यान बेटासारखे असते. अरण्यापासून खाडीपर्यंत ओढ्यांच्या व नदीच्या दोन्ही काठांनी झाडांचा पट्टा अखंड चालला पाहिजे. मधली क्रीडांगणे थोडी खोलगट ठेवावीत, म्हणजे अतिवृष्टीत ती काही तास पाणी धरतील व एरव्ही मुलांना खेळावयास मिळतील. मैलापाणी वेगळ्या नळाने शुद्धीकरणास न्यावे. तिवरांवर भराव पडू देऊ नये.

तुकड्यांनी नव्हे तर समग्र विचार करण्याची ही दृष्टी आपणांस नवी नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. दामोदर नदीच्या पुराचा प्रश्न पुढे आला, तेव्हा नदीचे संपूर्ण खोरे हे एकच एकक मानून योजना आखली पाहिजे, हा विचार त्यांनी पुढे नेला. त्याच्याही कित्येक शतके आधी, याच बोरिवलीच्या डोंगरात, कान्हेरीच्या भिक्खूंनी कातळात पन्हळी कोरून पावसाचे पाणी लेण्यालेण्यांच्या टाक्यांत साठविले. तेथील शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले असून त्यांचे दान करणाऱ्या उपासकांची नोंद आहे. विनयातही भिक्खूंना हिरवळीवर व पाण्यात घाण करण्याची मनाई आहे. हिरवळ आणि पाणी यांची ही सांगड आपल्या वारशातली आहे.

परंतु येथे सावध राहणे अवश्य आहे. नदी सुशोभित करावयाची म्हणून वस्ती उठवावयाची, तिला दूर फेकावयाचे आणि मोकळ्या काठावर धनिकांसाठी फिरण्याची वाट करावयाची, हा न्याय नव्हे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा विषय घातले. त्यांत नगरनियोजन आहे, पर्यावरणाचे रक्षण आहे, उद्याने आहेत आणि गलिच्छ वस्त्यांची सुधारणाही आहे. एकाच अनुसूचीतील एका कर्तव्याचे शस्त्र करून दुसऱ्याचा गळा कापता येत नाही. पुराच्या तोंडावर असलेले घर हलविणे भाग असेल, तर कामधंद्याच्या व शाळेच्या जवळ पक्के घर आधी मिळाले पाहिजे. झाडे त्यानंतर लावावीत.

हे आपोआप होणार नाही. शहराचा विकास आराखडा निघतो तेव्हा कायद्याने नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. २०१५ साली मुंबईच्या आराखड्याचा मसुदा अशाच हरकतींच्या रेट्याने नव्याने करावा लागला. म्हणून आपल्या विहारात, वंदनेनंतर, तो नकाशा भिंतीवर लावा. आपला नाला कोठून येतो व कोठे जातो, हे मुलांना त्यावर दाखवा. शिकलेल्या तरुणांनी मजकूर वाचून सांगावा, मातांनी कोणत्या घरात किती पाणी शिरते ते सांगावे, आणि सर्वांच्या सह्यांनिशी हरकत दाखल करावी. आपण स्वतः नाल्यात कचरा टाकणार नाही, हा निश्चय त्याच सभेत व्हावा. कारण जो आपले कर्तव्य पाळतो, त्याच्या मागणीला वजन येते.

महाडला आपण पाण्यापर्यंत चालत गेलो. आज पाणी आपल्या दारापर्यंत येते आहे. ते मित्र म्हणून यावे की शत्रू म्हणून, हे ठरविण्याच्या कामी आपला आवाज असलाच पाहिजे. जयभीम!