आधी जेवण, मग पैठणी

“काय ओ ताई, अजून हीच गाडी का?”

आसरा चौकात थांबले की महिन्यातून चारदा तरी हा प्रश्न येतोच. विचारणारा कधी रिक्षावाला असतो, कधी पंपावरचा पोरगा, तर कधी आमच्या जुळे सोलापुरातले शेजारचे काका. प्रश्नात निम्मी कीव असते आणि निम्मा हेवा. मी दोन्ही घेते आणि पुढे जाते!

माझी गाडी म्हणजे लाल फियाट पालिओ, १.६ जीटीएक्स. बाबांनी डिसेंबर २००१ मध्ये कर्ज काढून घेतली, तेव्हा मी चार वर्षांची होते. आज तीच गाडी मी रोज चालवते. नवी पेठ, होटगी रोड, अक्कलकोट रोडची एमआयडीसी, जिथे स्टोरी असेल तिथे. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर सहज होतात.

आता पालिओ म्हणजे काय स्पोर्ट्स कार आहे का, असं तुमच्यातले जाणकार म्हणतील. मान्य! दारं चार आहेत आणि छतही उघडत नाही. पण जेव्हा घरोघरची मारुती ८०० ही ३७ बीएचपीवर सुखात होती, तेव्हा ही बया १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह आणि १०० बीएचपी घेऊन आली. जाहिरातीत सचिन होता, त्याच्या नावाची ‘एस-१०’ ही खास पालिओही निघाली. २००२ मध्ये सचिनला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. ती काही आपल्या नशिबात नव्हती, पण त्याच घराण्यातली धाकटी बाबांच्या हप्त्यात बसली.

आणि यात एक सोलापुरी कनेक्शन पण आहे, बरं का. ही गाडी तयार झाली कुर्ल्याच्या कारखान्यात. तो कारखाना मुळात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. १९४४ मध्ये ही कंपनी काढली वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म १८८२ चा, आपल्या सोलापूरचा. म्हणजे गाडी इटालियन असली तरी माहेर आपलंच!

बत्तीस हजारांचे अलॉय

गाडी माझ्या हातात आली तेव्हा मी काय केलं असेल? पहिल्या कमाईतून पंधरा इंचांचे अलॉय टाकले. बत्तीस हजार. मग टचस्क्रीन आणि स्पीकर, अठरा हजार. वर आवाज भारी यावा म्हणून वेगळा एअर फिल्टर. फोटो सॉलिड आले.

मग आला मे २०२४. मंगळवार होता आणि आईला तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जायचं होतं. अलॉय बसवून पंधराच दिवस झालेले, त्यामुळे मी दुप्पट उत्साहात. हायवेला गाडी मस्त पळाली. तुळजापूर जवळ आलं तशी वाहनांची रांग लागली, गाडी फूट-फूट सरकायला लागली आणि एसीतून गरम हवा यायला लागली. मी एसीचं बटण फिरवत बसले. टेम्परेचरचा काटा आईनंच आधी पाहिला.

“अगं, हा काटा असाच लाल रेघेवर असतो का गं?”

पुढच्या मिनिटाला बॉनेटमधून वाफ. बाहेर त्रेचाळीस अंशांचं ऊन आणि आईला बीपीचा त्रास. दहा मिनिटांत तिला चक्कर आली. रस्त्याकडेच्या रसवंतीवाल्यानं तिला सावलीत बाकावर झोपवलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. एका अनोळखी कुटुंबानं आम्हाला त्यांच्या गाडीतून दवाखान्यात सोडलं. आई संध्याकाळपर्यंत ठीक झाली. पण तिच्या हाताला घाम फुटलेला आणि मी नुसती फोन लावतेय, तो पाऊण तास मी विसरू शकत नाही. आणि तेव्हा माझ्या गाडीत एक लाख तक्रारी असूनही चाकं मात्र चकाचक होती.

बाबा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “विकून टाक.” भंगारवाल्यानं पस्तीस हजार सांगितले.

मामांचं निदान

विकण्याआधी निदान तरी कळू दे म्हणून गाडी विजापूर रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेली. तिथले मिस्त्री साठीचे आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, मग मीही. मामांनी रेडिएटरची टोपी काढली, आत बोट फिरवलं आणि पांढरा थर माझ्यासमोर धरला.

“हे बोअरचं पाणी. चहाचं पातेलं कसं होतंय, तसं झालंय बघा.”

आमच्याकडे नळाला पाणी दिवसांच्या गॅपनं येतं, त्यामुळे बोअरचं पाणी सगळीकडेच चालतं. रेडिएटरमध्येही मी बिनधास्त तेच ओतत होते. क्षार साचून निम्म्या नळ्या बंद झाल्या होत्या. पंख्याचा कमी वेगाचा रेझिस्टर जळलेला, म्हणजे गाडी पळत असेल तोवर वाऱ्यानं भागायचं, रांगेत अडकली की संपलं. शिवाय कुठल्या तरी गॅरेजनं कधी तरी थर्मोस्टॅटच काढून टाकलेला. ‘गाडी थंड राहते’ म्हणून असं सर्रास करतात. प्रत्यक्षात इंजिनाला ठरलेलं तापमानच मिळत नाही आणि खरा दोष झाकला जातो. माझ्याकडे तो हेड गॅस्केट उडाल्यावर उघडा पडला.

मग मामांनी अलॉयकडे बघितलं. “ह्याला किती घातले?”

“बत्तीस.”

“आणि टेपला?”

“अठरा.”

“ताई, पोरीला पैठणी नेसवलात, पण जेवायला घातलं नाहीत की ओ!”

मला राग आला. मग कळलं, की पन्नास हजारांत रेडिएटर, पंखा, कूलंट, बेल्ट सगळं झालं असतं आणि वर देवीच्या प्रसादालाही उरले असते.

आधी काय, मग काय

गाडी विकली नाही. पण त्या दिवसापासून फंडा बदलला. मामांनी वहीच्या एका पानावर तीन रकाने केले : चालणं, थांबणं, दिसणं. वरचा रकाना संपल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही.

‘चालणं’मध्ये हेडचं काम, नवा रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट, होज पाइप. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकत्रच, कारण दोन्हीची उघडझाक तीच. हा बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन गेलंच म्हणून समजा. गाडी कमी चालली असली तरी बेल्ट बदलायचा, कारण रबराला किलोमीटरइतकंच वयही लागतं. पेट्रोलचे रबरी पाइपही नवे टाकले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच भागातल्या उसाचं कौतुक आहेच, पण २००१च्या गाडीचे पाइप त्यासाठी बनलेले नाहीत.

‘थांबणं’मध्ये ब्रेकचे होज, पॅड, नवं ब्रेक ऑइल, खालच्या आर्मचे बुश, शॉकअप आणि चार चांगले टायर. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. जोरात ब्रेक मारला तर चाकं लॉक होऊ नयेत हे काम माझ्या पायानं करायचं आहे. म्हणून हायवेला मी नव्वदच्या पुढे जात नाही. रात्री लांबचा प्रवास असेल तर सरळ दादाची नवी गाडी मागते. शंभर बीएचपीचा मान राखून हे सांगावं लागतं.

‘दिसणं’ शेवटी आलं, आणि तोपर्यंत हौस बदलली होती. पंधरा इंची अलॉय स्पीड ब्रेकरवर घासायचे, खड्ड्यात हादरा द्यायचे. ते विकले आणि कंपनीच्या मापाची चाकं परत लावली. हेडलाइटला स्वतंत्र रिले आणि जाड वायरिंग केलं. बल्ब तेच, पण बॅटरीतून पूर्ण करंट मिळाल्यावर उजेड बघा! एसीचा कंडेन्सर बदलला. सोलापूरच्या मे महिन्यात हाच खरा अपग्रेड, बॉस.

हिशेब आणि कागद

पहिल्या वर्षी एक लाख अठरा हजार गेले. दुसऱ्या वर्षी एकेचाळीस. छोट्या नव्या गाडीचा हप्ता धरला तर महिना बारा हजारांच्या आसपास. त्यामुळे हिशेब माझ्या बाजूनं आहे, पण थोडाच. शहरात नऊचा अॅव्हरेज आहे आणि गाडी महिन्यातून एक दिवस मामांकडे असते हे धरूनच चालायचं. त्या दिवशी स्कूटी.

फियाटनं भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणं २०१९ मध्ये थांबवलं. पार्ट पुण्याहून, मुंबईहून मागवावे लागतात. दिलासा एवढाच, की सिएना, पेट्रा आणि पालिओचं बरंच सामान एकच आहे. आणि कागद? २०१६ मध्ये पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पुढची पाळी डिसेंबर २०२६ची. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला त्याचे दहा हजार लागतात, जीएसटी आणि पर्यावरण कर वेगळे.

गेल्या वर्षी मे महिन्यात, मंगळवारीच, आम्ही परत तुळजापूरला निघालो. आईनं पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेतल्या. “एक मला, एक तुझ्या गाडीला.” रांग लागली, पंख्याचा आवाज आला, काटा मध्यावरच राहिला. त्याच रसवंतीवर थांबलो, या वेळी रस प्यायला. जाताना आई पूर्ण रस्ताभर काट्याकडे बघत होती. येताना तामलवाडीच्या पुढे बघितलं तर डोकं टेकून गाढ झोपलेली.

आरटीओचा शिक्का मिळेल तेव्हा मिळेल. मला त्या दिवशी फिटनेस मिळाला.

जुनी स्पोर्टी गाडी रोज चालवायचीय?

• रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नाही म्हणजे नाही!

• टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललाच नाही असं समजा.

• ब्रेक ऑइल ओलावा शोषतं. दोन वर्षांनी बदला.

• हॅलोजनच्या काचेत एलईडी बल्ब टाकू नका. समोरच्याचे डोळे दिपतात.

• गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल नको. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याबाबत स्पष्ट निकाल दिला आहे.

• एकच मिस्त्री आणि एकच वही. दोन्ही बदलू नका.