दहा फुटांची गाडी

न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने १९९६ साली जॅग्वारची ‘ई-टाईप’ ही मोटार आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. चित्रे-शिल्पांच्या पंक्तीला मोटार! पण तिचे छायाचित्र पाहिले की तक्रार करवत नाही. विमानांच्या कारखान्यात काम केलेल्या माल्कम सेयर यांनी तिच्या रेषा अक्षरशः गणिते मांडून आखल्या. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाला ती लोकांसमोर आली, तेव्हा ताशी दीडशे मैल वेगाचा डंका पिटला गेला. वार्ताहरांना चालवायला दिलेल्या गाड्या मात्र खास तयार केलेल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या गाडीला ती मजल सहसा गाठता येत नसे. एवढ्या देखण्या रूपापुढे लोकांनी ही लबाडी पोटात घातली.

तरीही मला विचाराल तर त्या काळातली खरी करामत दुसऱ्याच इंग्लिश गाडीची होती. ती ऑगस्ट १९५९ मध्ये आली. तिचे नाव मिनी.

तिचा जन्म अडचणीतून झाला. १९५६ साली सुएझचा पेच उद्भवला आणि इंग्लंडात पेट्रोल रेशनवर आले. ‘ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन’चे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी अलेक इसिगोनिस यांना फर्मावले : चार माणसांची छोटी गाडी हवी आणि इंजिन आपल्याकडे आहे तेच वापरायचे. इसिगोनिस यांनी एकूण लांबी धरली दहा फूट आणि तळाची ऐंशी टक्के जागा माणसांना आणि सामानाला देऊन टाकली. मग इंजिन कुठे बसवायचे? त्यांनी ते आडवे केले, गिअरबॉक्स खालच्या ऑइल चेंबरमध्येच घातला आणि ओढण्याचे काम पुढच्या चाकांना दिले. चाकेही दहाच इंचांची. आपल्याकडची गृहिणी प्रवासाची ट्रंक भरताना कोपरान् कोपरा वापरते, तसाच हा प्रकार.

ई-टाईप साडेचौदा फुटांची होती आणि तिच्यात बसत दोघे. किंमत दोन हजार पौंडांच्या वर. मिनी पाचशेच्या आत. मिनीत खोड नव्हती असे नाही. सुरुवातीच्या गाड्यांत तळातून पाणी शिरे, आणि डिस्ट्रिब्युटर समोरच्या जाळीमागेच असल्याने पावसात इंजिन बंद पडे. मुंबईच्या जुलैत तिचे काय झाले असते, कल्पनाच केलेली बरी! ई-टाईपचे दुखणे उलटे, ती गर्दीत अडकली की तापायची. असो. हीच चिमुरडी मिनी १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची रॅली जिंकून गेली, हेही सांगितले पाहिजे.

ई-टाईपकडून साध्या कुटुंबाच्या गाडीने काय उचलले? शोधून मला काही सापडत नाही. मिनीचे आडवे इंजिन मात्र जगभर गेले. १९६४ च्या इटालियन ‘ऑटोबियांकी प्रिमुला’ने त्यात सुधारणा करून गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी आणला. १९८३ साली आपल्याकडे मारुती ८०० आली, तीही आडव्या इंजिनाची. तिच्या मागच्या सीटवर दोन मुले, आजी आणि वर एक पिशवी कशी मावत असे, याचे उत्तर त्या दहा फुटांच्या हिशेबात आहे.

म्हणूनच आजच्या गाड्या पाहून मन खट्टू होते. खुद्द नवी मिनी आता पावणेचार मीटरच्या पुढे गेली आहे. जुनी जेमतेम तीन मीटरची होती. आपल्या पेठांतले आणि चाळींपुढचे रस्ते होते तेवढेच आहेत, आणि गाड्यांची नाके मात्र वर्षागणिक रुंदावत चालली आहेत. आत बसणारी माणसे तीच चार, बहुधा एकच. हा हिशेब कारखानदारांना आपण गिऱ्हाईक म्हणून विचारायला हवा. शोरूममध्ये आपण बॉनेटवर हात फिरवून परत येतो.

उद्या कुणी ई-टाईपची चावी पुढे केली तर मी एक फेरी नक्की मारीन, खोटे कशाला बोलू? घरातल्या बाकीच्यांना मात्र फाटकाशी उभे राहून पाहावे लागेल.